माती राखायची तर ठेक्याचा करार बदलायला हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन साजरा होतो, मृदा स्वास्थ्य पत्रिका वाटल्या जातात आणि शेतकऱ्यांमध्ये जागृती हवी, असे सांगून कार्यक्रम संपतो. इंदूर जिल्ह्यापुरता तरी हा जागृतीचा मुद्दा आता मागे ठेवायला हवा. शेणखताने काळी जमीन भुसभुशीत राहते, नरवाई (गहू कापल्यावर शेतात उरलेली खुंट-काडी) जाळली की जमीन कडक होते, नुसत्या युरियावर गहू लोळतो, हे सांवेर, देपालपूर किंवा महूच्या शेतकऱ्याला कोणी जाऊन सांगायची गरज नाही. त्याला ते ठाऊक आहे. तरीही तो ते करत नाही, आणि त्याची कारणे जमिनीच्या व्यवहारात, खताच्या भावात, अवजारांच्या भाड्यात आणि शेजारच्या शेतात आहेत. यातले पहिले कारण आपल्या वाचकांच्या हातातले आहे, म्हणून हे पत्र.

इंदुरातल्या अनेक मराठी कुटुंबांची गावाकडे जमीन आहे. कोणाची होळकरी काळापासूनची, कोणाची वडिलांनी नोकरीत असताना घेतलेली. राहणे सुदामा नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर भागात आणि जमीन ठेक्याने (ठरावीक भाड्याने) किंवा बटाईने (पिकाच्या वाट्याने) दिलेली. गहू निघाल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत हे व्यवहार ठरतात. बोलणी तोंडी, मुदत एक वर्ष. पुढच्या वर्षी दुसऱ्याने बिघ्यामागे थोडे जास्त देऊ केले की जमीन त्याच्याकडे जाते. कागद न करण्यामागे आणि माणूस बदलत राहण्यामागे मालकाच्या मनात एक जुनी भीती असते : फार वर्षे एकाच्या हाती राहिली तर तो हक्क सांगेल.

या एका वर्षात मातीचे काय होऊ शकते, ते आकड्यांत पाहावे. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती ढोबळमानाने २० लाख किलो भरते. सेंद्रिय कर्ब (शेण-पाला कुजून मातीत उरणारा कार्बन) ०.४ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यायचा, म्हणजे २,००० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. हेक्टरी १० टन शेणखत घातले तर निम्मे पाणी वजा जाता ५ टन कोरडा ऐवज उरतो आणि त्यात साधारण दीड टन कर्ब असतो. आपल्या उन्हाळ्यात त्यातला बहुतेक भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत जंतू खाऊन हवेत सोडतात. चौथा हिस्सा टिकला तरी पुष्कळ, म्हणजे चारशे किलोच्या आत. पत्रिकेवरचा आकडा ०.१ ने वाढायला या हिशेबाने पाच ते सहा वर्षे दरसाल १० टन घालावे लागतात. ज्याच्याकडे जमीन पुढच्या वैशाखापर्यंतच आहे, त्याने हा खर्च करावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो युरिया टाकतो, कारण युरियाचा पैसा त्याच हंगामात परत येतो.

इंदूरच्या आसपास याला आणखी एक पदर आहे. पश्चिम रिंगरोड आणि इंदूर-पिथमपूर कॉरिडॉरच्या पट्ट्यात मालकाची नजर पिकावर नसून प्लॉटच्या भावावर असते. दोन वर्षांत मोजणी होईल या आशेवर बांध दुरुस्त होत नाहीत, विहिरीचा गाळ निघत नाही, आणि प्रकल्प लांबला की तीच जमीन आठ-दहा वर्षे बेवारशासारखी कसली जाते.

आता खताच्या भावाकडे. ४५ किलोची युरियाची गोणी कडुनिंबाच्या लेपासह २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणजे किलोभर नत्र १३ रुपयांच्या आत. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर तीन टनांच्या ट्रॉलीत १५ किलो येते. युरियाच्या भावाने त्याची किंमत २०० रुपयेही होत नाही. कुठल्या गावात तीन टन शेणखत भरून, वाहून, पसरून २०० रुपयांत मिळते? शेणखताची खरी किंमत नत्रात मोजायचीच नसते. ती जमिनीने धरलेल्या पाण्यात, भेगा कमी पडण्यात आणि जस्त-गंधक उपलब्ध होण्यात असते. पण या गोष्टींना मंडीत भाव नाही. छावणी किंवा लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत सोयाबीन बघताना ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणा बघतात. हा माल जपलेल्या जमिनीतला की पिळून काढलेल्या, याने क्विंटलला एक रुपयाही फरक पडत नाही. त्यात २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झालेला असताना मंडीतला भाव त्याखाली राहिला आणि राज्याला हमीभाव आणि बाजारभावातला फरक देणारी भावांतर योजना आणावी लागली. विक्रीच्या वेळी हातात किती येणार हेच माहीत नसेल तर पाच वर्षांनी फळणारा खर्च कोण करणार?

सोयाबीनच्या खताचे एक उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात शेतकऱ्याला विनाकारण दोष दिला जातो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. ती दोन प्रकारे भागते. एक, ५६ किलो युरिया, ३७५ ते ४०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. दुसरा, १२५ किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेले खत), ६७ किलो पोटॅश आणि वेगळे २५ किलो बेंटोनाइट गंधक. सुपरमध्ये गंधक आपोआप येते आणि तेलबियांना ते हवेच असते. मग शेतकरी डीएपीच्या रांगेत का उभा राहतो?

वजन हे त्याचे उत्तर. इकडे हेक्टरचे चार बिघे धरतात. वीस बिघ्यांना, म्हणजे पाच हेक्टरला, सुपरच्या ३८ ते ४० गोण्या लागतात, डीएपीच्या बारा-तेरा. मान्सूनचा चांगला १०० मिलिमीटर पाऊस झाला की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, तीन-चार दिवसांचा मिळतो आणि तेवढ्यात सगळ्या गावाची पेरणी उरकायची असते. सीड ड्रिलची खताची पेटी सुपरने दर थोड्या तासांना रिकामी होते, ट्रॅक्टर थांबतो, गोणी उचलायला दोन माणसे बांधावर लागतात. भुकटीचे सुपर असेल तर जूनच्या दमट हवेत त्याचे ढेकूळ बनते, नळी तुंबते आणि चार ओळींना खतच मिळत नाही. हे कळते पीक पिवळे पडल्यावर. यावर उपाय आहेत. दाणेदार सुपरच घ्यावे, किंवा शेवटच्या बखरणीआधी ते फोकून मातीत मिसळावे आणि ड्रिलमध्ये फक्त बियाणे ठेवावे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत फोकलेले स्फुरद थोडे अडकते, ओळीतल्याइतके लागू पडत नाही, तरी गंधक पुरते मिळते आणि पेरणीचा वेळ वाचतो. डीएपीच घ्यायचे तर बेंटोनाइट गंधक सोडू नये. प्रत्यक्षात तेच सुटते, कारण ते वेगळे मागावे लागते. ठेक्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसल्याने त्याला सोसायटीचे बिनव्याजी कर्ज सहज मिळत नाही. तो दुकानदाराकडून उधारीवर माल उचलतो आणि उधारीवर घेणाऱ्याला दुकानात जे असेल ते, त्याच्यासोबत गळ्यात मारलेल्या बाटल्यांसकट, घ्यावे लागते. मृदा पत्रिका घरात असली तरी तिथे तिचा उपयोग होत नाही.

पत्रिकेवर विश्वास का बसत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. २०१५ साली योजना सुरू झाली तेव्हा नमुन्यांची चौकट बागायतीत अडीच हेक्टर आणि कोरडवाहूत १० हेक्टर अशी ठरली. म्हणजे दहा हेक्टरांत चार शेतकरी असले तर तिघांच्या हातात दुसऱ्याच्या मातीचे आकडे येऊ शकतात. माळाची मुरमाड उतरण आणि खालची गाळाची काळी एकाच चौकटीत आली तर तो आकडा कोणाचाच नसतो.

नरवाईबाबतही असेच. पंजाबात भात आणि गव्हामध्ये दिवस कमी असतात, म्हणून तिकडे आग लागते. माळव्यात गहू मार्चअखेर निघतो आणि सोयाबीन जूनच्या मध्यानंतर पेरतात, म्हणजे अडीच महिने हातात असतात. मग इथे का जाळतात? जिथे उन्हाळी मूग आला आहे तिथे ही सवड संपली : मूग साधारण १० एप्रिलच्या आत पेरला नाही तर पावसात सापडतो. दुसरे, कंबाइन (कापणी-मळणीचे यंत्र) भाड्याने येते आणि चालक जितके उंच कापेल तितके एकर जास्त होतात, त्यामुळे फूट-दीड फूट खुंट उभे राहतात. स्ट्रॉ रीपरने भुसा काढला तरी खाली बोट-दोन बोट काडी राहते आणि साध्या सीड ड्रिलच्या फाळांत अडकते. सुपर सीडर या काडीतून पेरतो, पण त्याला ५५ अश्वशक्तीच्या वरचा ट्रॅक्टर लागतो आणि गावात बहुतेक ट्रॅक्टर ४० ते ५० चे. अनुदानावर यंत्र घेतले तरी ओढणार कोण? रीपरनंतर राहिलेली काडी एप्रिलमध्ये एकदा उथळ कल्टिव्हेटर मारून उलथली आणि शेत उन्हात तसेच राहू दिले, तर जूनच्या पहिल्या पावसानंतर ती नरम पडते. मूग घ्यायचा नसेल तर एवढे पुरते. काडी कुजताना मातीतले नत्र काही काळ जंतू ओढून घेतात, म्हणून पेरणीच्या तोंडावर ताजी काडी गाडू नये, नाहीतर पहिले तीन आठवडे पीक निस्तेज दिसते आणि शेतकरी म्हणतो, जाळले असते तर बरे.

शहरात राहणाऱ्या मालकांनी एक लक्षात घ्यावे. मध्य प्रदेशात नरवाई जाळल्यास दोन एकरांपर्यंत २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांना ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये दंड आहे. २०२५ पासून जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ आणि हमीभावाने खरेदी नाकारण्याचाही निर्णय झाला. आगीची जागा उपग्रहाने दिसते आणि ती जुळवली जाते खसऱ्याशी, म्हणजे सरकारी नोंदीतल्या जमिनीच्या क्रमांकाशी. खसरा तुमच्या नावाचा आहे.

शेजाऱ्यांचा भाग मला सगळ्यांत कमी बोलला जाणारा वाटतो. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन अशी मिश्र पेरणी जमिनीला फार चांगली; तुरीचे मूळ खोल जाते, पाला गळतो. पण सोयाबीन निघाल्यावर गावाची गुरे मोकळी सुटतात आणि एकट्याची तूर जानेवारीपर्यंत उभी असते. ती चरली जाते. शिवाय त्या शेतात कंबाइन घालता येत नाही. गव्हाऐवजी हरभरा घेतला तर पाणी एक-दोन पाळ्यांत भागते, गव्हाला चार-पाच लागतात, आणि पुढच्या पिकाला नत्रही उरते. पण सगळीकडे गहू आणि मध्ये एकच हरभरा असेल तर रोजडे (नीलगायी) तिथेच उतरतात, आणि रस्त्याकडेचा हरभरा होळ्यासाठी, म्हणजे हिरवा भाजून खायला, उपटला जातो. सात-आठ शेजाऱ्यांनी एकाच बाजूला सलग हरभरा किंवा तूर धरली तर राखण वाटून घेता येते. एकट्याने केलेला प्रयोग दुसऱ्या वर्षी बंद पडतो. रुंद वरंबा-सरी पद्धतही तशीच. अतिपावसात सरीतून पाणी निघून जाते, खंड पडला तर ओल टिकते, काळ्या जमिनीत सोयाबीनला यापेक्षा चांगला आधार नाही. मात्र सरीचे तोंड नाल्यात उघडावे लागते. ते खालच्या शेजाऱ्याच्या शेतात उघडले तर भांडण, आणि बंद ठेवले तर सरीत पाणी तुंबून मुळे कुजतात. म्हणून पेरणीआधी, मे महिन्यातच, वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याने मिळून पाण्याची वाट आखावी. यंत्राचेही तेच : भाडे केंद्रात एक मशीन आणि वाफशाच्या त्याच तीन दिवसांत मागणारे चाळीस.

आणि लोक काय म्हणतील हा भाग आहेच. रोटाव्हेटर दोनदा फिरवून मैद्यासारखे केलेले शेत म्हणजे मेहनती माणसाचे शेत, आणि काडी दिसणारे शेत आळशाचे, अशी गावाची नजर आहे. त्याच रोटाव्हेटरने चार-पाच इंचांखाली कठीण थर बसतो आणि पाणी मुरत नाही. मालक शहरातून वर्षातून दोनदा येतो, तोही स्वच्छ शेत बघून खूश होतो. ही शाबासकी तरी आपण थांबवू शकतो.

शेणखताचा तुटवडा खरा आहे. बैल गेले, गव्हाचा भुसा शहरातल्या डेअऱ्यांना विकला जातो, आणि जे शेण मिळते ते उकिरड्यावर नीट कुजलेले नसते. कच्चे शेण घातले की हुमणीची अळी आणि तणाचे बी दोन्ही शेतात येतात, आणि हुमणी सोयाबीनची मुळे खाते. याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर, इंदूर पद्धत बसवली : काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर, तीन वेळा पलटी, तीन महिन्यांत खत. पद्धत जगभर गेली. इथे ती अडते ती पलटीच्या मजुरीपाशी. लोडर असलेल्या ट्रॅक्टरने गावाचे ढीग एकाच दिवशी पलटवले तर ती परवडू शकते.

देवगुराडियाच्या गोबरधन प्रकल्पाची, जो १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १०० टन खत देण्याची आहे. नेमावर रोडवरच्या खुडैल, कंपेलच्या बाजूला हे खत नेणे सोपे आहे. भाजी शहरात उतरवून रिकामी जाणारी ट्रॉली भरून नेली तर वाहतूक जवळजवळ सुटते. शेतकऱ्यांना शंका असते ती काच-प्लास्टिकच्या तुकड्यांची आणि कच्चेपणाची. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्ट चार मिलिमीटर चाळणीतून गेलेले आणि किमान १२ टक्के कर्ब असलेले हवे. घेणाऱ्याने स्वतःही पाहावे : मूठ गरम लागते का, नाकाला अमोनिया झोंबतो का. एक भाग खत आणि तीन भाग माती घेऊन मुगाचे वीस दाणे लावावेत. पाच दिवसांत सोळा-सतरापेक्षा कमी उगवले तर ते खत अजून महिनाभर ढिगात राहू द्यावे.

आता कराराचे. २०१६ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांच्याही हिताला संरक्षण दिले आहे आणि लेखी कराराची सोय केली आहे. मालकाची जुनी भीती तोंडी व्यवहाराने कमी होत नाही, वाढते. लेखी करारात मुदत संपल्यावर जमीन परत हे स्पष्ट लिहिलेले असते. वकिलाला दाखवून करार तीन ते पाच वर्षांचा करावा. भाडे दरवर्षी मंडीभावाप्रमाणे बदलायचे असेल तर तेही लिहावे, म्हणजे मालकाचे नुकसान नाही. जे जमिनीत राहते त्याचा खर्च मालकाचा : शेणखत किंवा कंपोस्टची किंमत, बांध, नाल्याचे तोंड. जे हंगामात संपते ते कसणाऱ्याचे : बियाणे, रासायनिक खत, फवारणी, आणि शेणखत वाहून पसरवण्याची मजुरी. नरवाई जाळायची नाही, पण भुसा कसणाऱ्याचा. शेताच्या चौथ्या भागात आळीपाळीने हरभरा किंवा तूर. आणि ज्या कलमाशिवाय बाकी सगळे पोकळ राहील ते हे : मालकाने मुदतीआधी जमीन काढून घेतली तर कसणाऱ्याने शेणखतावर केलेल्या खर्चाची भरपाई द्यायची, पीक घेतले नसेल तर पूर्ण, एक पीक झाले असेल तर निम्मी, दोन झाली असतील तर चौथाई. प्लॉटिंगच्या पट्ट्यात तर हे कलम असायलाच हवे.

या वर्षीचे व्यवहार ठरण्याआधी मातीचा नमुना घ्यावा, म्हणजे मुदत संपताना तुलनेला आकडा राहील. गहू निघाल्याबरोबर घ्यावा. मे उजाडला की काळी जमीन दगड होते आणि भेगांतून वरची माती खाली गेलेली असते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्यात. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि पाणी साचणारी जागा सोडावी. वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खड्डा घ्यावा आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाड चकती वरपासून खालपर्यंत कापावी. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करावी. जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरले तर जस्ताचा आकडा चुकतो. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. उतार आणि सखल भाग यांचे नमुने वेगळे ठेवावेत. चिठ्ठीवर गाव, खसरा क्रमांक, मागचे पीक आणि पुढचे पीक लिहावे, आणि एक चिठ्ठी आत, एक बाहेर बांधावी. अहवालाची एक प्रत कसणाऱ्याला द्यावी आणि दुसरी कराराला जोडावी.

आपला,
एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर